दिव्यासमोरची अलका

अलकाला आळशी म्हणणारा माणूस सांगलीत शोधून सापडला नसता. ग्लासगोत मात्र ऑक्टोबरअखेर हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की तिच्यातलं काहीतरी विझायचं. आशाला शाळेत सोडलं की ती पुन्हा पांघरुणात शिरायची. गोड आणि पाव सोडून काही खावंसं वाटायचं नाही, फोन वाजत राहायचा. मार्च उजाडला की ती परत माणसांत यायची.

नवरा माधव हाडांचा डॉक्टर. दिवसभर परक्यांची दुखणी निस्तरायचा आणि घरी येऊन बायकोला सांगायचा, जरा मन रमव. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अलकानंही ते दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं. ताप नाही, खोकला नाही, मग सांगायचं तरी काय?

शेवटी एकोणनव्वद साली माधवनं तिला हिवाळाभर पुण्याला बहिणीकडे धाडलं. उन्हात ती हसूबोलू लागली. पण मार्चमध्ये परतली, तेव्हा सहा वर्षांची आशा बापाचा हात सोडून पुढे आली नाही. लांबूनच तिनं विचारलं, "आई, तू आता किती दिवस राहणार?"

पाहुण्याला विचारावं तसं. अलकाच्या काळजाला घरं पडली.

पुढच्या ऑक्टोबरात माधवनं पुन्हा तिकीट काढलं, लॉफ्टमधली सुटकेस खाली आणून जिन्याखाली ठेवली. या वेळी अलका आपल्या पायांनी जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेली. जीपी म्हातारी स्कॉटिश बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा आळस नाही, आजार आहे, उजेड कमी पडला की होतो. सकाळी मोठ्या प्रखर दिव्यासमोर बसायचं, दुपारी ढग असले तरी बाहेर चालायचं, आणि वाईट दिवस लपवायचा नाही. माधवला तिनं हे घरी येऊन सांगितलं. मग त्यानंच दिवा मागवला. तिकीट मात्र रद्द केलं नाही, नुसतं पुढे ढकललं. ख्रिसमसपर्यंत बघू, म्हणाला.

अलका नेमाची पक्की. रोज अंघोळ करून दिव्यासमोर मांडी घालायची, हात जोडायची, डोळे मिटायची आणि सूर्याचं स्तोत्र म्हणायची. उजेडासमोर माणूस आणखी कसा बसतो? नोव्हेंबर सरत आला, अंगातला जडपणा काही हटेना. एका रात्री तिनं न्यायच्या साड्या काढून कपाटाबाहेर ठेवल्या. पुन्हा पाहुणी व्हायचं, या विचारानं तिला झोप लागली नाही.

सकाळी आशा कॉर्नफ्लेक्स खात खात तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू डोळे बंद केलेस, तर लाइट आत कशी जाणार?"

अलकानं डोळे उघडले. ते भरून आले होते.

त्या दिवसापासून दिवा किचनच्या टेबलावर आला. त्याच्या उजेडात आशाची वेणी घालायची, डबा भरायचा, तांदूळ निवडायचे. स्तोत्र राहिलं, पण उघड्या डोळ्यांनी. दुपारी पाऊस असला तरी ती पार्कात चक्कर मारून यायची. हिवाळा काही पळून गेला नाही. एखाद्या दिवशी उशीवरून डोकं उचलवायचं नाही, पण आता ती माधवला तसं सांगायची आणि तो निमूट कुकर लावायचा. ख्रिसमसच्या आधी त्यानं तिकीट रद्द केलं, तिला न विचारता.

रथसप्तमीला फिकट का होईना, ऊन पडलं. अलकानं मागच्या अंगणात छोट्या स्टोव्हवर दूध उतू घातलं. मग सुटकेस परत वर टाकावी म्हणून जिन्याखालून ओढली, तर ती हलेना. उघडून बघते तो आत आशाचे आखूड झालेले फ्रॉक, बाहुल्या, जुने बूट, जुनी पुस्तकं, सगळं कोंबून कोंबून भरलेलं.

आशा दारात उभी होती.

"मी ऑक्टोबरमध्येच भरली," ती हळूच म्हणाली. "तुझ्या साड्यांना जागा नको म्हणून."