खांद्यावरची चार बोटं

समजा, तुमच्यासमोर उतरतं मेज आहे आणि त्यावर वहीच्या पानाएवढी काच. काचेखाली आरसा, आरशात उत्तरेच्या खिडकीतला उजेड, आणि त्या उजेडात एक मुलगी. पण तिच्यात काळ्याचं पांढरं झालंय आणि पांढऱ्याचं काळं. दात काळे, बुबुळं पांढरी, गळ्यातले मोती कोळशाचे. तिच्या नाकाशेजारची सुरकुती तुम्हाला घालवायचीय. काचेवर सुरकुती म्हणजे पारदर्शक रेघ. ती सुईच्या टोकाच्या पेन्सिलीनं बुजवायची, ठिपका ठिपका करत, श्वास धरून. आणि एखादी गडद जागा नको असेल, तर ती पात्यानं खरवडायची. पातं जरा जास्त दाबलंत, तर मुलीच्या गालाला भोक. कमी दाबलंत, तर तिची आई उद्या दारात.

हेस्टर टॅप्ली हे काम करायची, फोटोच्या निगेटिव्ह काचा नीट करायचं. वडील लंडनच्या कडेला वॉल्थमस्टोला बूट शिवायचे. पंधराव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे दहा साली, ती मेफेअरमधल्या मिस्टर व्हिटल यांच्या फोटो स्टुडिओत चिकटली आणि मग चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीपाशीच राहिली. दुपारी कागदात गुंडाळलेला पाव आणि थंड सॉसेज, चहा, आणि पुन्हा काच. लंडनमधल्या अर्ध्या बड्या घरांच्या मुली तिच्या हाताखालून गेल्या होत्या. राजा-राणीच्या दरबारात पहिल्यांदा जायच्या, तेव्हा डोक्यात तीन पिसं खोवून, लांब शेपटाचा झगा घालून इथे फोटोला यायच्याच. कुणाच्या मानेवर तीळ आहे, कुणाचा एक डोळा बारीक आहे, हेस्टरला सगळं पाठ. पण रस्त्यात समोरून आल्या, तर तिला एकही ओळखू यायची नाही. कारण तिनं त्यांना फक्त काळ्याच्या पांढऱ्या झालेल्या पाहिलेलं.

युद्धाच्या वर्षांत तिचं काम वेगळं होतं. तेव्हा ती माणसं आणायची. आया यायच्या, फ्रान्सहून न परतलेल्या मुलाचा एखादा जुना फोटो हातात घेऊन. उरलेलं कुटुंब स्टुडिओत बसायचं, मध्ये एक जागा मोकळी ठेवून. त्या जागी हेस्टर मुलाला बसवायची. सतरा साली लेडी स्ट्रॅनोवर अशाच आल्या होत्या. थोरला मुलगा जर्व्हस गेला होता. नऊ वर्षांच्या धाकट्या ऑरिओलच्या मागे तो उभा हवा होता, तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून. लहानपणापासून तो तसाच उभा राहायचा म्हणे. पण आणलेल्या फोटोत त्याचे हातच दिसत नव्हते. लेडी स्ट्रॅनोवर म्हणाल्या, "तट्टावरून पडला होता. अंगठीच्या बोटाचं टोक आत वळलेलं आहे त्याचं." आहे, म्हणाल्या. होतं, नाही. हेस्टरनं तो हात मनानंच काढला, वळलेल्या बोटासकट.

युद्ध संपलं आणि काम उलटं फिरलं. आता माणसं घालवायची होती. नवी तरुण मंडळी रात्रभर मोटारी उडवत, एकमेकांच्या घरी वेषांतर करून नाचत, आणि त्यांची लग्नं महिन्याला ठरत, महिन्याला मोडत. लग्न मोडलं, की मुलीची आई निरोप पाठवी: अमुक सहलीच्या फोटोतून अमुक मुलगा काढा. फोटो साप्ताहिकात छापायचा असे आणि तोवर नवा मुलगा ठरलेला असे. अशा काचांसाठी खास खण होता. खाली छपाई करणारा आल्फ त्याला कबरस्तान म्हणायचा.

एकोणतीस सालच्या जूनमध्ये त्या खणात स्ट्रॅनोवरांची काच आली. घराच्या पांढऱ्या दगडी पायऱ्यांवर सहा तरुण मंडळी. मध्ये ऑरिओल, आता एकवीस वर्षांची, काळ्या मखमली कोटात. तिच्या मागे किंचित बाजूला टोबी मार्चमन. दोन वर्षं तो तिच्याभोवती होता, पण घरातला तिसरा मुलगा, म्हणजे वारशात काही नाही, आणि आता केनियात कॉफी लावायला निघालेला. लेडी स्ट्रॅनोवरना जावई म्हणून सर ह्यूगो ड्रॅक्स हवे होते, चाळिशीचे, मोठ्या जमिनीचे.

"पार पुसायचा," मिस्टर व्हिटल म्हणाले. "डोक्यापासून बुटांपर्यंत. आणि टॅप्ली, कुत्रा ठेवायचा. कुत्रा त्यांचा आहे."

तीन दिवस लागले. टोबीच्या उजव्या हातात ग्लास होता, डाव्या हातात कुत्र्याचा पट्टा. तिनं आधी दोन्ही हात घालवले, मग करडा सूट, मग चेहरा. मागचा दगड तिथं भरून काढला. कुत्रा एकटाच बसून राहिला, वर कुठेतरी बघत.

बुधवारी साप्ताहिक आलं. आल्फ जिना चढून वर आला, हसू दाबत.

"काय गं हेटी, पोरगा पुसलास आणि सुटे भाग ठेवलेस होय?"

"कसले सुटे भाग?"

त्यानं पान तिच्यापुढे धरलं. ऑरिओलच्या डाव्या खांद्यावर, काळ्या मखमलीवर, मागून पुढे आलेली चार बोटं. मागे कोणी नाही. नुसता दगड.

हेस्टरचा चेहरा उतरला. या धंद्यातली माणसं भिंगातून बघतात, नखाएवढा तुकडा एका वेळी. सगळं चित्र एकदम बघतच नाहीत. तेच नडलं, असं तिला वाटलं. पण त्या खांद्यावरून तिचं भिंग तीनदा फिरलं होतं, हेही तिला आठवत होतं. मिस्टर व्हिटल दिवसभर दारं आपटत होते.

शुक्रवारी सकाळी, ज्या जिन्यानं गिऱ्हाईक कधी वर येत नसे, त्या जिन्यानं ऑरिओल आली. हेस्टरनं तिला ओळखलं नाही.

"मिस टॅप्ली तुम्हीच ना? माझ्या खांद्यावरची बोटं तुम्हीच ठेवलीत."

"मिस स्ट्रॅनोवर, माझी चूक झाली. मी..."

"अहो, घाबरू नका. आमच्या टोळीला तर पर्वणीच झाली. काल नाचाला सगळे जण डाव्या खांद्यावर कापूस भरलेला पांढरा हातमोजा शिवून आले. चाळीस जण! बँडवाल्यांनासुद्धा लावला. मी इतकी हसले की मला ठसका लागला." ती स्टुलावर बसली. हसू थांबलं. "मग घरी येऊन माझा हातमोजा काढून टाकला. आणि तरी खांद्यावर वजन होतं."

हेस्टरनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही मला वेडी समजाल."

"नाही, मिस. या खोलीत मी बरंच बघितलंय."

"ह्यूगोच्या मोटारीत पाय ठेवते ना, तेव्हा ते जड होतं. एरवी हलकं असतं. पण मोटारीच्या पायरीवर..." तिनं उजवा हात डाव्या खांद्याकडे नेला आणि मध्येच खाली आणला. "कोणी मागे ओढत नाही हो. नुसतं थांबवतं. रस्ता ओलांडताना लहान मुलाला थांबवतात ना, तसं. टोबी मला सोडत नाहीये, दुसरं काय! तो तिकडे बोटीत बसून उलट्या करतोय आणि हात इथे ठेवून गेलाय. एप्रिलमध्ये माझं लग्न आहे, मिस टॅप्ली. काढून टाका तो."

"आत्ता?"

"माझ्यासमोर."

हेस्टरनं काच मेजावर ठेवली. काळी मखमल काचेवर जवळजवळ पारदर्शक होती आणि बोटं त्यावर गडद. खरवडण्याचं काम. भिंगातून पाहिलं तर तिसऱ्या बोटाचं टोक आत वळलेलं. टोबीला काहीतरी लागलं असेल कधी, असं तिच्या मनात येऊन गेलं, तेवढंच. तिनं पातं धरलं. एक बोट गेलं, दुसरं गेलं. वळलेलं बोट शेवटी. ते जायला वेळ लागला. थर उठत होता, पण खाली पुन्हा गडद दिसत होतं, जणू ते बोट काचेच्या आत कुठेतरी होतं. मग एकदम स्वच्छ झालं.

मागे स्टूल हललं. ऑरिओल उभी होती, डोळे मोठे करून.

"गेलं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "गार लागतंय इथे. खिडकी उघडी आहे का?"

खिडकी बंद होती.

एप्रिलमध्ये लग्न झालं. लग्नाच्या काचा हेस्टरकडेच आल्या. नवरी सुंदर होती, तिला फार काही करावं लागलं नाही.

सप्टेंबरात टोबी मार्चमन स्टुडिओत आला. पिवळसर पडलेला, तापातून उठलेला. त्याला त्या फोटोची, तो स्वतः असलेली, एक प्रत हवी होती. आल्फनं त्याला वर पाठवलं.

"अशी प्रत आता निघणार नाही, सर. तुम्हाला मी पुसलं त्यातून."

"ते कळलं मला. आणि माझा हात ठेवलात म्हणे! केनियापर्यंत पोचला तो विनोद." तो हसला आणि आपले दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरून म्हणाला, "पण मिस टॅप्ली, शपथेवर सांगतो, हा हात माझा नाही. एका हातात लेडी स्ट्रॅनोवरांचं भिकार सरबत होतं आणि दुसऱ्यात त्यांचा त्याहून भिकार कुत्रा. ऑरिओलला धरायला तिसरा हात असता, तर मी केनियात गेलो असतो का?"

दहाही बोटं सरळ होती.

तो गेल्यावर हेस्टरनं मनात ती काच पुन्हा पाहिली. ग्लास तिनंच पुसला होता. पट्ट्याची मूठ तिनंच पुसली होती. दोन हात. तिला मोजता येत होतं. तेव्हा मोजले का नाहीत?

मग ती तळघरात गेली. युद्धातल्या काचा तिथं पुठ्ठ्याच्या खोक्यांत, तारखेनुसार लावलेल्या होत्या. सतरा सालचं स्ट्रॅनोवरांचं खोकं इतकी वर्षं कोणी हलवलेलंसुद्धा नव्हतं, धुळीचा थर बोटभर. तिनं काच दाराच्या उजेडात धरली. आई, वडील, छोटी ऑरिओल, मागे जर्व्हस. ऑरिओलचा डावा खांदा रिकामा होता. तिथं काच खरवडलेली होती आणि ओरखडे ताजे, चकचकीत होते. तिच्याच पात्याचे. स्वतःच्या हाताची तिरकी ओढ तिला न ओळखायला काय झालं?

तिनं काच परत ठेवली आणि वर येऊन हात धुतले. कोणाला सांगणार? आल्फ हसला असता. लेडी स्ट्रॅनोवर हसल्या नसत्या, ते आणखी वाईट.

एकतीसच्या मार्चमध्ये लेडी ड्रॅक्सची, म्हणजे ऑरिओलची, काच आली. उघड्या खांद्यांचा संध्याकाळचा पोशाख, मोती, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला. सोबत मिस्टर व्हिटलांची चिठ्ठी: डावा दंड साफ करणे. काचेवर त्या दंडावर फिकट डाग होते, पावडरीखालून उमटलेले. पुढे एक रुंद, कडेला चार. मुक्या माराचे निळे-काळे डाग काचेवर असे फिकटच दिसतात. हेस्टरनं आपला हात काचेवर हवेत धरून पाहिला. अंगठा आणि चार बोटं. हा पंजा तिच्याहून खूप मोठा होता.

पेन्सिलीनं बुजवायला एक तास पुरला असता. तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि तशीच बसून राहिली. थांबवणारा एकच हात होता त्या मुलीला, आणि तो तिनं स्वतः, मुलीच्या समोर बसून खरवडून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी लेडी ड्रॅक्स स्वतः वर आली. या वेळी हेस्टरनं तिला लगेच ओळखलं. खिडकीत ऊन असूनही लांब बाह्यांवर शाल होती.

"झालं का, मिस टॅप्ली? ह्यूगोंना ते शनिवारी हवंय."

"नाही, बाईसाहेब."

"तुम्ही तर पटकन घालवता." ती त्याच स्टुलावर बसली. खाली रस्त्यात मोटार उभी होती, इंजिन चालू. तो आवाज ऐकत ती म्हणाली, "मी एक विचारू? तुम्ही काढता ते. परत आणता येतं का तुम्हाला?"

"बाईसाहेब, तो हात मिस्टर मार्चमन यांचा नव्हता."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तो गेल्यावर. जोवर होता तोवर कळलं नाही मला, कोणाचा ते. नऊ वर्षांची होते मी, विसरले होते. गार लागायला लागलं तेव्हा आठवलं." ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "मूर्ख मुलगी. नाही का?"

"आणणं मी एकदाच केलंय या हातासाठी," हेस्टर म्हणाली, "आणि तेव्हा माझी नजर तरुण होती."

"बघा करून."

हेस्टरनं दंडावरचे डाग बुजवले नाहीत. तिनं काच फिरवली, डावा खांदा भिंगाखाली घेतला आणि मनानं तो हात रेखाटायला सुरुवात केली. बोटांच्या उजळ भागाला पेन्सिल, कडांच्या सावलीला पातं. समोरच्या खुर्चीत, आरशात, कुठेही कोणी नमुना नव्हता. बाकीची तीन बोटं सावकाश झाली. वळलेल्या बोटाशी मात्र तिला विचार करावा लागला नाही. पेन्सिल आपण होऊन आत वळली. खालच्या मोटारीनं दोनदा भोंगा वाजवला.

छापलेली प्रत शनिवारी ह्यूगो ड्रॅक्सकडे गेली. पुढे काय झालं ते स्टुडिओला कळलं नाही, एवढंच कळलं की मिस्टर व्हिटलांना एक भयंकर पत्र आलं आणि हेस्टरला नोकरी सोडावी लागली. तिनं जाताना पाती, पेन्सिली आणि भिंग बरोबर घेतलं. मेजावरचा आरसा पुसून ठेवला.

मंगळवारच्या वर्तमानपत्रात चार ओळी होत्या. लेडी ड्रॅक्स यांनी सकाळच्या गाडीनं डोव्हर बंदर गाठलं, तिथून त्या फ्रान्सला गेल्या. पत्ता माहीत नाही. नवऱ्याची मोटार व्हिक्टोरिया स्टेशनाबाहेर उभी होती, पण त्या मोटारीकडे वळल्या नाहीत. फलाटावरच्या हमालानं सांगितलं, की बाई एकट्याच होत्या.

हेस्टर आता बहिणीकडे कॅम्बरवेलला राहते आणि शेजारच्या मुलांचे पासपोर्टाचे फोटो नीट करून देते. ते कात्रण तिच्या भिंगाच्या डबीत आहे. तो हमाल अजून व्हिक्टोरिया स्टेशनात असेल, तर तिला त्याला गाठायचंय आणि एवढंच विचारायचंय: डब्याच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा बाईंनी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला होता का, कोणाच्या तरी हातावर ठेवतात तसा?