लच्छूभाऊ मान मोडायचा

सावली गावच्या बसस्टँडसमोर लच्छूभाऊचं सलून आहे. खुर्च्या दोन, आरसे तीन. तिसरा आरसा कशाला लावला, हे त्यालाही सांगता येत नाही. दाढी तो बरी करतो, कटिंग ठीकठाक करतो. पण तालुक्यात त्याचं नाव झालं ते मानेमुळे. दाढी होऊन तुरटी फिरली की तो गिऱ्हाइकाची हनुवटी एका हातात आणि डोकं दुसऱ्या हातात धरायचा, "ढिली सोडा जी," म्हणायचा, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे. कड्! कड्! आवाज रस्त्यापलीकडच्या चहाटपरीवर ऐकू जायचा. याला सगळे 'मान मोडणं' म्हणत. काही जण दाढी घरी करून नुसती मान मोडायला येत.

पंचवीस वर्षं लोकांच्या माना मोडल्यावर लच्छूभाऊचंच डोकं दुखायला लागलं. दुखणं मानेतून उजव्या बाजूनं निघायचं, कानावरून चढायचं आणि डोळ्यामागे जाऊन बसायचं. मानही उजवीकडे वळेना. त्या बाजूनं कोणी हाक मारली तर तो पायांसकट अख्खा वळायचा. लोकांना वाटलं, भाऊला घमेंड आली.

बायको सुगंधानं त्याच्या कपाळाला बाम चोळला. इतका चोळला की गिऱ्हाइकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि वस्तरा बोथट झाल्याची बातमी गावभर पसरली. एक दिवसाआड दाढीला येणारे निवृत्त हेडमास्तर गुणवंतराव म्हणाले, "नंबर लागला असन. चष्मा घे गा." शेजारच्या मूल गावाहून चष्मा आणला. दुसऱ्याच दिवशी तो घसरून गुणवंतरावांच्याच गालावरच्या फेसात पडला.

शेवटी लच्छूभाऊ गुणवंतरावांनाच म्हणाला, "मास्तर, माझी मानच अडकली आहे. तुमी मोडून द्या ना जी. मी सांगतो कसं धरायचं."

तो खुर्चीत बसला, मास्तर मागे उभे राहिले. पण मास्तरांच्या हाताला सवय वेगळीच. त्यांनी लच्छूभाऊचा कान धरून पिळला.

"मास्तर! मान! मान!"

"हात आपोआप गेला बे," मास्तर ओशाळून म्हणाले.

त्या दिवशी डोक्याबरोबर कानही दुखला. मग मात्र सुगंधानं सूत्रं हातात घेतली. तिचा भाऊ विनोद ऊर्जानगरला नोकरीला. त्याचंही डोकं असंच मानेमुळे दुखायचं, आणि चंद्रपूरच्या एका कायरोप्रॅक्टर डॉक्टरकडे जाऊन त्याला आराम पडला होता. "हातानंच मान नीट करते मनते," सुगंधा म्हणाली. "चला."

हातानं मान नीट करणारी म्हणजे आपल्याच धंद्यातली, असं लच्छूभाऊनं धरलं. कोणी पहिलवान बाई असेल म्हणून तो तयारीनं गेला. डॉक्टर दिव्यानी निघाली काडीसारखी पोरगी. तो सुगंधाच्या कानात पुटपुटला, "हिच्यानं कोंबडीची तरी मान मोडन का वं?"

दिव्यानीनं आधी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले. कधी पडलात का, चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. बीपी मोजलं. मग कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं.

"आई गा! इथूनच निंघते जी! तुमाले कसं समजलं?"

"दुखणं मानेत आहे, काका. डोकं नुसतं बोंबलतंय. दाढी करताना उभे कसे राहता?"

त्यानं दाखवलं. कमरेत वाकून, मान उजवीकडे कलंडवून. दिव्यानी बघतच राहिली. "पंचवीस वर्षं असेच?"

"रविवारी जास्त."

तिनं त्याला टेबलावर झोपवलं आणि मान हातांत घेऊन सावकाश दाबत, ओढत, थोडी थोडी वळवत राहिली. लच्छूभाऊ डोळे मिटून, दात आवळून 'कड्'ची वाट पाहत होता. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "उठा. झालं."

"काय झालं? आवाज तं आलाच नाई!"

"तुम्हाला आवाजाची गरज नव्हती. सांध्यातून बुडबुडा सुटल्याचा आवाज असतो तो. त्यानं काही सिद्ध होत नाही."

लच्छूभाऊला हे फार लागलं. आपली कला दाखवायला त्यानं हवेतच एक मान धरून मोडून दाखवली. दिव्यानीच्या हातातला पेन खाली पडला. "गिऱ्हाइकांना करता हे?"

"सावलीत एक मान सोडली नाई मी."

मग तिनं त्याला समोर बसवलं. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, न तपासता झटका दिला तर एखाद्याला लकवा मारू शकतो, हे तिनं चित्र काढून समजावलं. लच्छूभाऊ चित्राकडे बघत राहिला. त्याला एकेक मान आठवत होती.

परतीच्या बसमध्ये सुगंधा त्याच्या उजव्या हाताला बसली होती. मूल गाव मागे पडल्यावर तो सहज तिच्याकडे वळला. नुसती मान वळली, धड जागेवरच राहिलं.

"काय पाहून राह्यले?"

"तुलेच. तीन महिन्यानं या बाजूनं दिसली."

आणखी चार फेऱ्या झाल्या. डोकेदुखी आठवड्यातून एकदा, तीही हलकी, इतपत आली. वाकावं लागू नये म्हणून गिऱ्हाइकाच्या बुडाखाली लाकडी पाट आला. मोठमोठी माणसं पाय लोंबकळवत बसू लागली. तासातासाला तो आरशात बघून दिव्यानीनं सांगितलेला हनुवटी मागे ओढायचा व्यायाम करायचा. आपली नक्कल करतो म्हणून दोन गिऱ्हाइकं रागावून गेली.

खरा गोंधळ मानेवरून झाला. "मान बंद," असं त्यानं जाहीर केलं. रक्तवाहिन्यांचं चित्रही काढून दाखवलं, पण ते लोकांना पडवळासारखं दिसलं. गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. गुणवंतराव तर म्हणाले, "दाढी अधुरी वाटते गा."

एका सकाळी मास्तर डोळे मिटून बसले होते. लच्छूभाऊनं त्यांच्या मानेवर नुसता टॉवेल ठेवला, दोन बोटांनी हलकं चोळलं, आणि कानामागे पाण्याची रिकामी बाटली दाबली. कड्! मग दुसऱ्या कानामागे. कड्!

"वा!" मास्तर म्हणाले. "कसं हलकं वाटून राह्यलं!"

आठवडाभरात गिऱ्हाईक परत आलं. लच्छूभाऊला मात्र चैन पडेना. सुगंधा रोज बजावत होती, "मास्तरले तरी खरं सांगा." शेवटी पुढच्या दाढीला त्यानं बाटली समोर ठेवून सगळं कबूल केलं.

मास्तरांनी ती उचलली, कानाशी नेली आणि स्वतःच दाबून पाहिली. मग दुसऱ्या कानाशीही दाबली.

"ही लहान आहे," ते म्हणाले. "माझ्यासाठी दोन लिटरवाली ठेवत जा."