मावशी गप्प राहिल्या

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात मावशी चादरींच्या घड्या घालायच्या. सोबत रफूवाली असायची. चादर दोघींनी धरायची, ताणायची, कोपऱ्याला कोपरा जुळवत एकमेकींकडे चालत यायचं आणि पुन्हा मागे सरायचं. एवढ्या येण्या-जाण्यात दोघींच्या भरपूर गप्पा व्हायच्या. रफूवालीच्या नणंदेचं लग्न ठरलं, फिसकटलं आणि पुन्हा ठरलं, ते सगळं मावशींना चादरीच्या पलीकडूनच कळलं होतं. ड्रायरच्या उबेमुळे तळघरात बाराही महिने उन्हाळा असायचा, पण मावशींची तक्रार नव्हती. स्वच्छ कापडाचा वास त्यांना मनापासून आवडायचा.

मग धुलाईच्या मशीनवर नवा माणूस आला. कामाला वाघ होता. कुठल्या डागाला काय लावायचं हे त्याला तोंडपाठ होतं. पण त्याचं तोंड फटकळ. मोठ्यांना अहो-जाहो करायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. आठवडाभरात सगळ्यांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं, अर्थात तो पाठमोरा असताना.

एकदा मावशी सहज म्हणाल्या, "अरे, आज टॉवेल जरा ओलसर लागतायत. अजून एकदा फिरवतोस का?"

"ए बाई," तो मागे वळूनही न बघता म्हणाला, "तू घड्या घाल. डोकं चालवायचं काम तुझं नाही."

इस्त्रीवाला फिसकन हसला आणि लगेच मान खाली घालून कामाला लागला. मावशींचे कान तापले. उत्तर सुचलं ते बसस्टॉपवर, आणि तिथे ते ऐकायला कुणी नव्हतं.

त्यानंतर तळघर हळूहळू मुकं झालं. आज मावशींवर ओरडला, उद्या आपला नंबर, असं प्रत्येकाला वाटायला लागलं. रफूवालीचं डोकं वरचेवर दुखायला लागलं, ती रजा टाकायला लागली. इस्त्रीवाला कानात वायर खुपसून बसायचा. मावशींच्या घड्या कधी तिरक्या झाल्या नव्हत्या, त्या आता होऊ लागल्या. एकच चादर पुन्हा उलगडायची, पुन्हा तिची घडी घालायची. हात कापडावर आणि मन त्या "ए बाई"वर.

घरी नवरा स्वयंपाक करायचा. जन्मभर शाळेची गाडी चालवून त्याचे गुडघे गेले होते. घरी बसल्यापासून त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं आणि त्याचा हातही बरा बसला होता. एका संध्याकाळी मावशींनी पहिला घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"मीठ नावाची वस्तू असते घरात. दिवसभर बसून एवढंही जमत नाही तुम्हाला?"

नवऱ्याने मिठाचं भांडं आणून ठेवलं. मग शांतपणे म्हणाला, "हे तू बोलतेयस, की तुझा फौजदार?"

मावशींना रडू आलं. खरं तर भाजीत मीठ किंचित कमी होतं, इतकंच.

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. वरच्या खोल्यांमधून आणि मेजवानीच्या हॉलमधून कपड्यांची गाठोडी आली होती. फौजदार पांढऱ्या चादरी मशीनमध्ये कोंबत होता. त्यातल्या एका चादरीला मरून रंगाचा नॅपकिन चिकटलेला मावशींना स्पष्ट दिसला. ते नॅपकिन रंग सोडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मावशींनी तोंड उघडलं. मग त्यांना पुढचं ऐकू आलं, तो काय म्हणेल ते. त्यांनी तोंड मिटलं आणि पुढची घडी घातली.

मशीन उघडलं तेव्हा आतल्या सगळ्या चादरी गुलाबी झाल्या होत्या. फौजदाराचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मॅडम खाली आल्या. या मॅडम धुलाईखाना सांभाळायच्या आणि एरवी फारशा चिडायच्या नाहीत.

"वरून गाठोडंच तसं आलं," फौजदार म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता.

मावशींना वाटलं होतं, या क्षणी आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "नॅपकिन आत जाताना मी पाहिला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"मागे बोलले, तेव्हा डोकं चालवायचं काम माझं नाही असं ऐकावं लागलं. म्हणून या वेळी नाही चालवलं." मावशींनी एक गुलाबी चादर हातात घेतली. "पण चुकलं माझं. चादरींनी माझं काय वाईट केलं होतं?"

रफूवालीने पुढे होऊन सांगितलं, "मॅडम, इथे आता कुणीच कुणाला काही सांगत नाही."

मॅडमनी फौजदाराकडे बघितलं. तो खाली बघत होता. "आधी चादरींचा रंग उतरवा," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही वर या, बोलायचंय."

रंग उतरवायला सगळेच थांबले. औषधाच्या पाण्यातून काढून, पिळून हात लाल झाले. बादल्या उचलता उचलता फौजदार मावशींच्या शेजारी येऊन पुटपुटला, "मी आधी होतो तिथे सगळे असंच बोलायचे. शिव्या खाऊनच काम शिकलो."

"शिकलास चांगलं," मावशी म्हणाल्या. "पण तिथलं तिथे ठेव. माझ्याशी पुन्हा तसं बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

माफी काही त्याने मागितली नाही. वर मॅडम त्याला काय म्हणाल्या तेही कुणाला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मशीनचं दार लावण्याआधी तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही एकदा नजर टाकता का?"

मावशी उठल्या, मशीनमध्ये डोकावल्या. आत वावगं काही नव्हतं. तरी त्यांनी नीट बघितलं आणि "लाव," म्हणाल्या.

माणूस काही एका रात्रीत गोड झाला नाही. अजूनही चिडतो, पण आता मशीनवर चिडतो, त्याला काय वाटेल ते बोलतो, आणि मशीन मनावर घेत नाही. रफूवाली त्याच्या समोरच त्याची नक्कल करते. तो हसायचं नाही असं ठरवतो आणि हसतो. तिची डोकेदुखी गेली, निदान रजेच्या अर्जात तरी ती दिसत नाही. नणंदेच्या लग्नाची तारीख पुन्हा पुढे गेली, हे आता फौजदारालाही माहीत असतं. एकदा तर त्यानेच विचारलं, "मग मुलाकडचे काय म्हणाले?"

मावशी संध्याकाळी घरी येतात, पाय वर घेऊन बसतात आणि दिवसभराचं सगळं सांगतात. नवरा मध्ये मध्ये विचारत राहतो, कुणी काय म्हटलं, मग पुढे काय झालं. परवा सांगण्याच्या नादात जेवण गार झालं. मावशींनी ते तसंच आवडीने खाल्लं आणि आणखी थोडी भाजी मागून घेतली.