रुंद पानाचं टमाटं

माकणीच्या भिमाबाईला भुतांची भीती वाटत नसे, विंचवाला ती चिमट्यात धरून बाहेर फेकत असे आणि मुकादमाला तर ती तोंडावर बोलायची. पण त्र्याहत्तरच्या भाद्रपदात वीतभर उंचीच्या रोपांपुढं ती उकिडवी बसली आणि पहिल्यांदाच भ्यायली.

रोपं टोमॅटोची असायला हवी होती. गावात ते टमाटं. टमाट्याचं पान कातरलेलं असतं, हे लहान लेकरालाही ठाऊक. या रोपांची पानं मात्र रुंद होती, सरळ कडांची. असं पान भिमाबाईनं रोज हाताळलं होतं, पण ते धोतऱ्याचं.

हे बी तिला मिळालं ते दुष्काळी कामावर. खडी फोडताना शेजारी रुद्रम्मा नावाची कर्नाटकाकडची बाई असायची. एके दुपारी तिनं पदरातून एक गुलाबी, फुगीर टमाटं काढलं आणि निम्मं भिमाबाईला दिलं. "बी ठेव गं. आसलं तुज्याकडं मिळायचं न्हाय," एवढंच ती म्हणाली. पानाबद्दल चकार शब्द नाही. भिमाबाईनं मिलोच्या, रेशनवरच्या लाल ज्वारीच्या भाकरीबरोबर गर खाल्ला, बी राखेत घोळवलं, शेणात थापलं आणि ती गोवरी घराच्या भिंतीला चिकटवली. वर एका बोटाची खूण केली.

शेजारीच दुसरी गोवरी होती, तीन बोटांची. तिच्यात धोतऱ्याचं बी. नवऱ्याला, पिराजीला दमा होता आणि धोतऱ्याच्या धुरानं त्याला उतार पडायचा. एकदा धूर जास्त झाला तेव्हा त्याचं तोंड कोरडं ठणठणीत पडलं, अंग तापलं तरी घामाचा थेंब नाही, डोळे टक्क उघडे आणि मेलेल्या आईशी गप्पा सुरू. तो दिवस भिमाबाई विसरली नव्हती.

दोन खुणा, दोन गोवऱ्या, घोटाळा व्हायचं कारण नव्हतं. पण एप्रिलात बाबासाहेबांची जयंती आली. वस्तीतलं प्रत्येक घर पांढऱ्या मातीनं सारवून निघालं आणि भिमाबाईचा हात एकदा चालू झाला की थांबायचा नाही. तिनं भिंतीबरोबर गोवऱ्यांवरूनही पोतारा फिरवला. खुणा बुजल्या. उजवीकडची टमाट्याची, हे आपल्या ध्यानात आहे असं तिला वाटलं, आणि वाटलं म्हणजे झालं, असा तिचा स्वभाव.

पेरायच्या वेळी तिनं उजवीकडची गोवरी काढून मोडली. अर्धी आपल्या परसात चुरली, शेणासकट. उरलेली अर्धी गावातल्या शिवप्पांच्या घरच्या कारभारीण पार्वतम्मांनी मागितली होती. दुष्काळानं गावातलं भाजीपाल्याचं बी पार संपवलं होतं आणि शिवप्पांच्या एवढ्या मोठ्या घरातसुद्धा टमाट्याचा दाणा उरला नव्हता. भिमाबाई ती घेऊन त्यांच्या दाराशी गेली. "वट्यावर ठेव," त्या म्हणाल्या. भिमाबाईनं ओट्यावर ठेवलं. पार्वतम्मांनी त्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचललं. भिमाबाईच्या हातचं पाणी त्या घरात चालत नव्हतं, बी मात्र चाललं. तिला त्याचा राग आला होता आणि आतून थोडा अभिमानही वाटला होता.

आता रोपांपुढं बसल्यावर तिला त्या अभिमानाची लाज वाटली. ती धावत घरात गेली. दुसरी गोवरी फोडून बी ताडून बघायचं म्हणून हात घातला, तर ती उंदरांनी पोखरून रिकामी केलेली. उंदीर धोतऱ्याला तोंड लावणार नाही, असं तिला वाटलं. मग त्यांनी खाल्लं ते टमाट्याचं. म्हणजे पेरला तो धोतराच. तिनं पान चुरगाळून नाकाशी धरलं, पण पिराजीसाठी रोज पाला कुटून तिच्या बोटांना दुसरा वासच राहिला नव्हता.

"उपट आन् गप ऱ्हा," तिनं सांगितलं तेव्हा पिराजी खाटेवरून म्हणाला. "त्येंच्या घरात काय झालं तर भिमीनं जाणून इख दिलं म्हणतील. आपली वस्ती जाळायला त्येंना येवढं बास हाय."

तो खोटं बोलत नव्हता. तिनं आपली सगळी रोपं उपटली आणि चुलीत घातली. पण शिवप्पांच्या परसातली रोपं कोण उपटणार?

ती निघाली. काहीतरी निमित्त काढून परसात जाऊ आणि गुपचूप उपटून टाकू, असा बेत होता. पण पार्वतम्मा ओट्यावरच बसल्या होत्या.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "तुज्या रोपांची दोन पानं सकाळी आमच्या नागूनं चावली बग. आत निजलीय तवापास्नं. अंग बी तापलंय."

नागू ही त्यांची दोन वर्षांची नात. भिमाबाई खाली बसली. तोंडाला कोरड पडली आणि क्षणभर तिला वाटलं, आपल्यालाच ते भिनलंय. अजूनही उठून जाता आलं असतं. आपल्या पोरांना घेऊन एस्टीनं लोहाऱ्याला, तिथून कुठंही. पिराजीचे शब्द कानात होते. पण आत पोरगी तापलेली होती आणि तिनं धोतरा चावला असेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

"आक्का," ती म्हणाली, "ती रोपं धोतऱ्याची आसतील. माजी चूक झाली. खुना बुजल्या."

पार्वतम्मा झटकन उठल्या. त्यांनी आत पाऊल टाकलं तशी भिमाबाई उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच अडली. आत पाय टाकायची मुभा नव्हती.

"तिच्या तोंडात लाळ हाय का बगा," तिनं बाहेरून सांगितलं. "घाम हाय का बगा. धोतऱ्यानं समदं वाळतंय आक्का."

भिमाबाई उंबऱ्याचं लाकूड घट्ट धरून उभी होती. घरात गडी माणसं आहेत का, ती बाहेर आली तर आपण काय बोलायचं, पिराजीला कोण सांगेल, असं काय काय तिच्या डोक्यातून गेलं. मग पार्वतम्मा नातीला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या. पोरीचं कपाळ घामानं डबडबलं होतं. लाळेनं आजीचं लुगडं खांद्यापाशी ओलं झालं होतं, आणि झोपमोड केली म्हणून ती भोकाड पसरायच्या बेतात होती.

भिमाबाई भिंतीला टेकून रडायला लागली.

पार्वतम्मा परसात गेल्या, एक पान तोडून चुरगाळलं, हुंगलं. बोटं हिरवी-पिवळी झाली. "टमाट्याचाच वास हाय गं," त्या म्हणाल्या. "पानच येगळं हाय निस्तं." मग त्यांनी विचारलं, "येवढं भ्या वाटत हुतं, तर पळून का न्हाय गेलीस?"

"पोरगी आत हुती न्हवं."

चार दिवसांनी भिमाबाईच्या घरात कुजका वास सुटला. कणगीमागं दोन मेलेले उंदीर सापडले, आणि त्यांनी खाल्लेलं बी धोतऱ्याचं होतं हे भिमाबाईला कळलं. पण तिची स्वतःची रोपं तोवर राख झाली होती. त्या रुंद पानाच्या टमाट्याचं गावात आता एकच ठिकाण होतं, शिवप्पांचं परस. तिथं पौषात फळं धरली, गुलाबी आणि फुगीर. भिमाबाई रस्त्यानं जाताना कुंपणातून बघायची. मागायचं धाडस तिला झालं नाही.

माघात पार्वतम्मा वस्तीत आल्या. त्या घरातली बाई तिथं पहिल्यांदाच येत होती, आणि त्याही भेदरलेल्याच दिसत होत्या. त्यांनी पदराखालून एक गोवरी काढली. दाराशी ओटा होता, पण त्यांनी ती त्याच्यावर ठेवली नाही, भिमाबाईच्या हातात दिली. गोवरीवर पाचही बोटांचा ठसा होता, खोल दाबलेला.

त्या एप्रिलात भिमाबाईनं घर सारवलं, तेव्हा भिंतीवर तेवढी जागा तशीच सोडली.