भिंत नसलेला तलाव

रंजिताला कुणी "बिचारी" म्हटलं की माझं डोकं सटकतं. बाजारात भाजी घेताना म्हणतात, लग्नाच्या पंगतीत म्हणतात, तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकून परत जातानासुद्धा म्हणतात. ती दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय वाळला, हे खरं आहे. पण अडतीस वर्षांची ही बाई शिलाई मशीन एका पायावर चालवते, दिवसाला चार ब्लाउज काढते आणि पहाटे बापाबरोबर डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, तलावात जाळी टाकते. बिचारी म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी तो तलाव पोहून दाखवावा. मी काठावर टॉवेल घेऊन उभा राहीन.

मी धम्मरत्न. महागाव तालुक्यातल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. रंजिता माझी विद्यार्थिनी. तिचे वडील उकंडाभाऊ मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद, उंचीनं बुटके आणि आवाजानं मोठे. निवृत्तीनंतर मला सकाळी फिरायचं डॉक्टरांनी सांगितलं, आणि गावात फिरण्यासारखी जागा म्हणजे तलावाची पाळ, त्याचा मातीचा बांध. तिथं एका सकाळी मी तिला पोहताना पाहिलं. कुबडी वडाला टेकवलेली होती आणि बाई थेट मधल्या पाण्यात होती. मी घड्याळ काढलं. सवय जात नाही.

मागच्या वर्षी बातमी आली की जानेवारीत जिल्ह्यातल्या एका धरणात दीड किलोमीटरची पोहण्याची स्पर्धा होणार. खुल्या गटात महिलांना अट होती: आधी पंधराशे मीटर बत्तीस मिनिटांच्या आत पोहून दाखवायचं. मी रंजिताला यवतमाळला एका जलतरण तलावात घेऊन गेलो. जन्मात पहिल्यांदा तिनं फरशी लावलेलं पाणी पाहिलं. "इथं मासोया कुठी राहतात?" असं तिनं तिथल्या माणसाला विचारलं, आणि तो हसला नाही म्हणून स्वतःच हसली.

वेळ लागला छत्तीस मिनिटं वीस सेकंद.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, जी मास्तर असून मला आधी कळायला हवी होती. पंचवीस मीटरच्या तलावात पोहणारा माणूस सगळं अंतर पोहत नसतोच. दर पंचवीस मीटरला भिंत येते. तो उलटतो, दोन्ही पायांनी भिंतीला लाथ मारतो आणि चार-पाच मीटर फुकटात पुढं जातो. पंधराशे मीटरमध्ये अशा एकोणसाठ लाथा. रंजिताला कामाचा पाय एकच. ती दरवेळी हातानं भिंत धरायची, वळायची आणि जवळजवळ शून्यातून सुरू करायची. शिवाय डावा पाय पाण्यात खाली लोंबत राहायचा आणि तिला मागं ओढायचा. ज्या भिंतीनं इतरांचा वेळ वाचतो, त्याच भिंतीनं तिचा खाल्ला.

माझ्या पुतण्याला पुण्यात एक वर्ष ट्रायथलॉनचं वेड लागलं होतं. ते उतरल्यावर त्याचा वेटसूट माळ्यावर पडून होता. तो मी मागवला. जाड रबरी कापडाचा, अंगाला चिकटून बसणारा, थंडी अडवणारा आणि शरीर पाण्यावर उचलून धरणारा. पायानं जोरात मारणाऱ्याचं शरीर आधीच वर असतं, त्याला या सुटाचा फायदा थोडा. ज्याचे पाय बुडतात त्याला मात्र तो जास्त देतो. रंजितानं तो नाकाजवळ धरला आणि म्हणाली, "टायर हाय हा त." त्या दिवसापासून त्याचं नाव टायर. सूट पुरुषी मापाचा होता. तिनं बाजूनं कापला आणि सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्यूशन लावून जोडला. शिवला असता तर सुईच्या भोकांतून पाणी आत आलं असतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

टायर घालून ती तलावात उतरली, दोनशे मीटर गेली आणि मध्येच थांबून ओरडली, "सर! पाय वर आला!" काठावर आली तेव्हा रडत होती. "इतक्या वर्षांत पयल्यांदा हा पाय माह्या सोबत आला, सर. नाई त मीच त्याले ओढत नेत होती."

मीही रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पाळीवरच्या वडापासून पलीकडच्या पाण्यातल्या खडकापर्यंत जाऊन येणं म्हणजे पंधराशे मीटर, असं आमच्या गावात सगळे सांगतात. ते अंतर तिनं टायर घालून अठ्ठावीस मिनिटांत कापलं. मी लगेच अर्ज भरला. दोन दिवसांनी स्पर्धेच्या समितीतून अक्षय नावाच्या तरुणाचा फोन आला. बोलायला नम्र, पण कागदाचा पक्का.

"सर, वेळ स्विमिंग पूलमधला पाहिजे. आणि ताईंसाठी दिव्यांग गट आहे ना. पाचशे मीटर, वेळेची अट नाही. सगळ्यांना मेडल आहे."

रंजितानं माझ्या हातून फोन ओढला. "त्या गटात किती बाया हायेत?"

"सध्या... तुम्ही एकट्याच, ताई."

"मंग मी कोनाले हरवू? बापाच्या डोंग्याले?"

तिनं अर्जाचा कागद समोर धरला. "आता तुमचा नियम वाचतो, आयका. 'स्पर्धकाने पंधराशे मीटर तलावात पोहून दाखवावे.' तलावात. तुमी लिवलं हाय, मी नाई."

"ताई, तिथं तलाव म्हणजे जलतरण तलाव."

"मंग जलतरण लिवाचं होतं. आमच्या गावात तलाव म्हंजे तलाव. माह्या आज्यापासून त्याले तलावच म्हनतात. आन स्पर्धेत सगळ्यायले हा टायर घालाले परवानगी हाय, मंग चाचनीत काहून नाई? स्पर्धा धरनात घेता अन् परीक्षा फरशीवर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग अक्षय म्हणाला की वरिष्ठांना विचारतो. चार दिवसांनी कळवलं: नियमात जे लिहिलंय ते लिहिलंय. अर्जाची मुदत तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्या रविवारी सकाळी तो स्वतः येऊन तलावातलं अंतर मोजेल आणि वेळ घेईल.

मी खूश होतो. तीन आठवडे हातात होते आणि अठ्ठावीस मिनिटं खिशात. मग एक दिवस उकंडाभाऊ नव्या जाळ्याची दोरी मोजत बसले होते. दोन्ही हात पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढी दोरी भरेल त्याला वाव म्हणतात. वाव म्हणजे सहा फूट, हे इकडे लहान पोरालाही पाठ. मी सहज विचारलं, "भाऊ, खडकापर्यंतचं अंतर कोणी मोजलं होतं?"

"म्याच. दोरी लावून. चारशे दहा वाव. कायले?"

मी त्यांच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. बुटक्या माणसाचे हात सहा फूट कसे भरतील? घरून टेप आणला. उकंडाभाऊंचे हात बोटापासून बोटापर्यंत पाच फूट दोन इंच भरले. चारशे दहा वेळा दहा-दहा इंच कमी. जाऊन-येऊन अंतर पंधराशे नव्हतंच, तेराशेलाही थोडं कमी होतं. म्हणजे तिच्या वेगानं खऱ्या पंधराशे मीटरला बत्तीस मिनिटांवर अर्धं मिनिट लागणार होतं. साऱ्या गावानं वर्षानुवर्षं एका बुटक्या माणसाच्या हातांवर विश्वास ठेवला होता आणि त्यात अठ्ठावीस वर्षं मैदानं आखणारा मास्तर मीही होतो.

मी तिला म्हणालो, अर्ज मागं घेऊ. अक्षय मोजेल, आपण खोटे ठरू, लोक हसतील.

ती मशीनवरून उठली नाही. दोरा तोडला आणि म्हणाली, "लोक आतापावतर काय रडत होते का? अर्धं मिन्ट ना? काढू."

मग आम्ही अर्धं मिनिट शोधायला लागलो. ते सापडलं वाकड्या रेषेत. फरशीच्या तळ्यात खाली काळी पट्टी असते, माणूस तिच्यावरून सरळ जातो. तलावात खाली गढूळ अंधार. रंजिता एकाच पायानं पाणी मारायची, म्हणून दर वीस-पंचवीस हातांनी डावीकडे सरकायची, मग दुरुस्त करायची. उकंडाभाऊ डोंग्यातून ओरडायचे, "म्हशीवानी कुठी चालली वं!" तिनं सवय लावली: दर आठ हातांनी मान किंचित वर, समोरची खूण पाहायची, पुन्हा पाण्यात. जाताना पलीकडचा खडक, येताना वड. मान वर काढली की कंबर खाली जाते, वेळ जातो. पण वाकडं जाण्यात त्याहून जास्त जातो. त्या रविवारपर्यंत ती शिवणीसारखी सरळ पोहायला लागली.

रविवारी आठला अक्षय आला. हातात अंतर मोजणारं जीपीएसचं घड्याळ, बरोबर नारिंगी कापड गुंडाळलेलं थर्माकोल. उकंडाभाऊंच्या डोंग्यातून जाऊन खडकाच्या पुढं शंभर मीटरवर त्यानं ते दगड बांधून सोडलं, वळायची खूण म्हणून. मी त्याला वावाची गोष्ट आधीच सांगून टाकली. रंजितानंच सांगायला लावली होती.

ती निघाली. जाताना झकास, पंधरा मिनिटं चाळीस सेकंदांत वळली. परत येताना मात्र डिसेंबरचा कोवळा सूर्य बरोबर पाळीच्या वर होता. ती मान वर काढायची आणि तिला नुसती चकाकी दिसायची. मी पाहत होतो, ती डावीकडे सरकली, मग थांबून वड शोधला, मग पुन्हा सरकली. शेवटचे शंभर मीटर तिनं जीव तोडून मारले.

बत्तीस मिनिटं नऊ सेकंद.

अक्षय घड्याळाकडे पाहत राहिला. मग हळू आवाजात मला म्हणाला, "सर, नऊ सेकंद काय... मी एकतीस एकोणसाठ लिहितो." मी लगेच म्हणालो, "माझ्या घड्याळात तसेही बत्तीसच भरलेत." साफ खोटं होतं.

रंजितानं ऐकलं. पाण्यातून हातांवर सरकत ती काठावर आली, धापा टाकत होती.

"सर, आठवते? पीटीच्या तासाले तुमी मले झाडाखाली बसवत होते. 'तू बस, पोरी, सगळ्यायच्या चपला सांभाळ.' सहा वर्सं म्या चपला सांभाळल्या. तवा बी तुमी दयाच केली होती."

खरं होतं. मी तेव्हा ते चांगुलपणानं केलं होतं आणि घरी जाऊन स्वतःला चांगला माणूस समजत होतो. तिला एकदा तरी विचारावं, हे सहा वर्षांत सुचलं नाही.

"बत्तीस नऊ लिवा," ती अक्षयला म्हणाली. "आन खाली जागा ठेवा. मुदत पाचची हाय ना? सूर्य डोयात होता. अकरापावतर तो वर जाते. मंग पुन्हा पोहतो."

"ताई, तीन किलोमीटर होतील एका दिवसात!"

"तुमच्या कागदावर एकदाच पोहा असं लिवलं हाय का?"

अक्षयनं कागद खरंच उलटून पाहिला. नव्हतं लिहिलेलं.

तिनं टायर कमरेपर्यंत सोलला, ओढणी गुंडाळली आणि उन्हात पडून राहिली. गूळ-शेंगदाणे खाल्ले, दोन कप चहा प्याली. खांदे थरथरत होते. उकंडाभाऊ तिचे दंड चोळत बसले. मला वाटत होतं, नको म्हणावं. पण मी तोंड बंद ठेवलं. तिला थांब म्हणायचा माझा हक्क मी केव्हाच वापरून संपवला होता.

अकराला ती पुन्हा उतरली. जाताना सोळा मिनिटं पाच सेकंद, म्हणजे पहिल्यापेक्षा हळू. वळली. आता सूर्य वर होता, वड स्वच्छ दिसत होता. आठ हात, मान, आठ हात, मान. एकदाही सरकली नाही. मी ओरडलो नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त घड्याळ धरलं. तिचा हात पाळीच्या दगडाला लागला आणि अक्षयनं आणि मी एकदमच बटण दाबलं.

एकतीस मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. दोन्ही घड्याळांत.

अक्षयनं कागद मांडीवर घेऊन लिहिलं: गट खुला, वेळ एकतीस सत्तेचाळीस. रंजिता दगडाला डोकं टेकून पडली होती. बोलायला दम नव्हता, तरी तिनं विचारलं, "बाकीच्या बायांचा वेय किती राहते?"

अक्षय अडखळला. "चांगल्या पोरी... पंचवीस-सव्वीस मिनिटं. पन्नासेक जणी आहेत, ताई."

"म्हंजे मी शेवटची येईन."

अक्षयनं कागदाची घडी घातली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "एक्कावन्नावी येईन. शर्यतीत शेवटचं याले बी आधी शर्यतीत असावं लागते."