हे मला न्यायला आले तेव्हा

हसाल तुम्ही, पण सांगूनच टाकते. असा पचका माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा होणं शक्यच नाही!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि मी फणसवाडीतल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, माहेरी. भांडण म्हणाल तर तेही नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा चार दिवस आईकडे." ह्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून दिली. ते चार दिवस काही संपेनात!

आणि एका सकाळी, संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईभर कडकडीत हरताळ, ट्राम नाही, बस नाही, अन् दारात हे! परळच्या घरून चालत आलेले, घामाघूम. आता सांगा, उगाच कोण इतकं चालेल?

"एक विचारायचं होतं," टोपीशी चाळा करत हे म्हणाले. "आपलं लग्न... म्हणजे, मी अजून विवाहितच ना?"

पुढचं ऐकायला मी जागेवर होते कुठे? आत जाऊन ट्रंक भरायला घेतली! आईने डोळे पुसत ओटी भरली. शेजारच्या काकू धावत आल्या. "जावईबापू, पोरीला जपा हो!"

"अहो, पण माझं ऐका तरी..."

"ऐकायचं काय त्यात? आधी चहा घ्या!"

शेजाऱ्यांनी ट्रंक खाली फाटकाशी नेऊन ठेवली, तेव्हा कुठे ह्यांना वाचा फुटली. "ट्रंक कशाला?"

"मग लुगडी काय हातात घेऊन येऊ?"

हे कावरेबावरे झाले. "अगं, ऑफिसात आयकरासाठी लिहून द्यायचंय, विवाहित की अविवाहित. विवाहिताला कर कमी बसतो. पण तू तर नांदत नाहीस. हेडक्लार्क म्हणाले, बायकोलाच विचारून ये. मागाहून तिने नाही म्हटलं तर पंचाईत."

ओटीतला नारळ एकाएकी जड झाला. 'लिहा अविवाहित!' अगदी जिभेवर आलं होतं हो. तोंडातून निघालं, "विवाहित लिहा."

"नक्की?"

"नक्की. आणि मला कधी नेणार?"

"आईला विचारून बघतो."

माणूस वाईट नाही. ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन हे पुन्हा जिना चढू लागले. मी मागोमाग, भरल्या ओटीने. गॅलरीत सगळी चाळ उभी. शरमेने मेले असेन, असंच वाटलं ना तुम्हाला? छे! मी मनात चाळ बांधणाऱ्याला शिव्या देत होते. तीनच मजले कशाला बांधले मेल्याने, चांगले सात बांधायचे!