चार आवाज आणि मिक्सरवरचा हात

"दादा, गाणं सुरू झालं की मिक्सरवरचा हात काढून घ्या," ती मुलगी म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मिक्सर माझा, स्पीकर माझे, वायरी माझ्या. आणि पुण्याहून आलेली पोरगी मला हात कुठे ठेवायचा ते शिकवणार.

रागाला कारण होतं. कार्यक्रम कॉलेजचा होता, आणि चार वर्षांपूर्वी याच कॉलेजच्या सभागृहात संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी मला माझ्याच मिक्सरवरून उठवलं होतं. नागपूरहून त्यांच्या ओळखीचा कोणी साउंडवाला आला होता. "नरेश, तू उठ. इनको बैठने दे." भरल्या सभागृहात. त्या माणसाने दहाव्या मिनिटाला सीटी वाजवली. सीटी म्हणजे स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि कान फाटेल अशी किंकाळी निघते. खुर्चीवर तो होता, पण स्पीकरवर नाव माझं होतं. गावभर चर्चा माझी झाली. सडक अर्जुनीजवळच्या खेड्यात सायकलला भोंगा बांधून मी हा धंदा सुरू केला. जळालेल्या भोंग्याची कॉइल स्वतः गुंडाळायला शिकलो. कोणी बोट धरून शिकवलं नाही. तो अपमान मी विसरलेलो नाही.

या वेळी सेक्रेटरी साहेब गोड बोलत होते. "ये प्रोग्राम बढ़िया कर दे. सालभर का काम तेरा." सालभर म्हणजे भाषणं, स्पर्धा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे गॅदरिंग. एवढ्यासाठी मी त्यांना भाव पाडू दिला. मी सहसा कोणाला पाडू देत नाही.

बँड चौघांचा. दोन मुली, दोन मुलं, एक गिटार, एक लहान कीबोर्ड. गाणी त्यांची स्वतःची, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. रायपूरचा कार्यक्रम करून सकाळच्या गाडीने आले होते आणि दरेकसाचं जंगल खिडकीतून कसं दिसलं हेच सांगत होते. त्यांचा साउंड इंजिनिअर ताप येऊन रायपूरलाच राहिला. म्हणून मिक्सर माझ्याकडे आला. नाहीतर मी पुन्हा बाजूलाच उभा राहिलो असतो.

दुपारी साउंड चेक सुरू झाला. मिक्सरवर प्रत्येक माइकची एक सरकणारी पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की लहान. सगळ्यांच्या शेवटी एक मास्टर फेडर असतो. तो सगळ्यांना एकदम वर नेतो किंवा खाली आणतो.

आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात एक मुख्य गायक असतो. त्याचा फेडर वर, कोरसवाल्यांचे खाली, वरून भरपूर इको, म्हणजे आवाजाचा घुमारा. हात आपोआप तसाच चालतो. मी मधल्या मुलीला मुख्य धरलं. तिचं नाव तन्वी. बोलतही तीच जास्त होती. तिला वर घेतलं, बाकी तिघांना खाली, आणि इको सोडला.

ऐकायला भयंकर वाटत होतं. एक बाई गात आहे आणि मागे तिघं वेगळंच काही म्हणत आहेत, असं. माझा जुना जोडीदार धनराज स्टेजवर वायरी बांधत होता. तो तिथूनच ओरडला, "भाऊ, हे एकमेकांसंग भांडून राहिले का?"

तन्वीने गाणं थांबवलं. "दादा, मला वर का घेतलं?"

"मुख्य गायिका तुम्हीच ना?"

"आमच्यात मुख्य कोणी नाही."

तिने समजावलं. ओळ एकच असते, पण प्रत्येक जण ती वेगळ्या सुरावर धरतो. चारही आवाज सारखे आले तरच ते गाणं. एक जरी पुढे गेला तरी बाकीचे बेसूर वाटतात. म्हणून आवाज कमीजास्त ते स्वतः करतात, माइकच्या जवळ येऊन, मागे सरकून. वरून मी फेडर हलवला की त्यांचा हिशोबच चुकतो.

त्यावर तिने ते हात काढायचं वाक्य म्हटलं.

"हे पाहा मॅडम," मी म्हणालो, "हात काढायला मला कोणी पैसे देत नाही. एवढं येतं तर स्वतःच लावा साउंड."

धनराज धावत आला. "काऊन रागावता भाऊ? ते कमी मेहनत सांगून राहिली तुमाले. लोकं तर जास्तीची सांगतेत."

मुलगी घाबरली नाही. मला ते आवडलं. मग मी जे येतं तेच केलं. सौदा.

"इको अर्धा ठेवतो."

"शून्य."

"पाव."

"दादा, शून्य."

"बरं, शून्य. मॉनिटर चारही राहतील." मॉनिटर म्हणजे गायकांकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर. गायकांना त्यातून स्वतःचा आवाज ऐकू येतो.

"सगळे बंद करा. आम्ही जवळजवळ उभे राहतो. आम्हाला एकमेकांचा खरा आवाज ऐकायचा आहे."

"मंग मास्टर माझ्याकडे. त्यावरचा हात मी काढणार नाही."

ती हसली. "मास्टर तुमचा."

सौदा पक्का झाला. मला वाटलं मीच हरलो.

चार वाजता सभागृह भरलं. सातशे-आठशे पोरं, वर पत्र्याचं छत. पहिलं गाणं बरं गेलं. दुसरं संथ होतं. मागच्या रांगांत गप्पा सुरू झाल्या. कोणी ओरडलं, "डीजे लगाव बे!" हशा पिकला. स्टेजवर चौघं एकमेकांकडे पाहत गात राहिले, पण तन्वीच्या मानेची शीर दिसायला लागली होती. ती जोर लावत होती.

सेक्रेटरी साहेब उठून माझ्याजवळ आले. "नरेश, सुनाई नहीं दे रहा. बढ़ा."

"साहेब, पोरंच बोलून राहिले."

"सालभर का काम चाहिए ना? बढ़ा."

वाढवलं तर काय होणार ते मला माहीत होतं. पत्र्यावर आपटून आवाज स्टेजवर परत जाणार, आणि त्या चौघांना एकमेकांचा आवाज ऐकू येणं बंद होणार. मग गाणं संपलंच. पोरंही अजून जोरात बोलणार, कारण मोठ्या आवाजात माणूस मोठ्यानेच बोलतो. लग्नाच्या मांडवात हे मी रोज पाहतो. साहेब डोक्यावर उभे होते.

मी मास्टरवर हात ठेवला आणि हळूहळू खाली ओढला.

माझा हात हललेला पाहून साहेब समाधानाने परत जाऊन बसले.

पुढच्या दोन रांगा आधी गप्प झाल्या. त्यांना ऐकू येईना, म्हणून त्यांनी मागच्यांना "श्श" केलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. अर्ध्या मिनिटात सभागृह असं शांत झालं की पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. तन्वीचे खांदे खाली आले. चौघं एक पाऊल अजून जवळ सरकले, आणि मग ते आवाज एकमेकांत बसले.

मला पाचवा आवाज ऐकू आला. बारीक, वर कुठेतरी तरंगणारा. मी मिक्सर पाहिला. चारच माइक चालू. धनराज वाकून म्हणाला, "भाऊ, मांगून कोनी गाऊन राहिलं का?" कोणी गात नव्हतं. चार सूर अगदी बरोबर जुळले की असा आवाज आपोआप उठतो, हे तन्वीने नंतर सांगितलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज मोठे केले. एवढा वेळ नुसता ऐकत बसायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. धनराजने पाहिलं, आणि माझ्या स्वभावाला भिऊन दुसरीकडे तोंड केलं.

कार्यक्रम संपला. टाळ्या थांबेनात. सेक्रेटरी साहेब पाहुण्यांना घेऊन माझ्या टेबलाजवळ आले. "देखा? मैंने बोला बढ़ा, और सब चुप."

गप्प राहायला काही लागत नव्हतं. मान हलवली असती तर सालभराचं काम खिशात होतं. पण ती शांतता या माणसाच्या नावावर जाऊ द्यायला माझं मन तयार होईना.

"बढ़ाया नहीं साहेब," मी म्हणालो. "कम किया था."

पाहुण्यांमधल्या प्राचार्य मॅडम मोठ्याने हसल्या. साहेब हसले नाहीत.

सामान भरताना तन्वी आली. "दादा, दुसऱ्या गाण्यात मास्टर खाली घेतला ना? आम्हाला स्टेजवर कळलं. नाहीतर आम्ही बुडलो होतो. थँक्यू."

मी म्हणालो, "थँक्यू माझ्याकडून घ्या." माझ्या तोंडून हा शब्द फारसा निघत नाही. त्या दिवशी निघाला, आणि तो खरा होता.

गॅदरिंग दुसऱ्याला गेलं. छाती हादरवणारे बारा बेस स्पीकर लावणाऱ्याला. याचा राग मला आहे आणि राहील. भाषणं आणि गायनाच्या स्पर्धा प्राचार्य मॅडमनी मला दिल्या. त्या दिवसापासून मी कुठेही गेलो की गायकांना आधी विचारतो, तुम्हाला एकमेकांचा आवाज येतो का? येत असेल तर साउंडवाल्याचं अर्धं काम झालेलं असतं. भाव मात्र पूर्ण कामाचा सांगायचा.